तेव्हाचा स्कॅन

वेल्डरने श्वास मोजायच्या नळीत जीव खाऊन फुंकलं. तरी आकडा कमीच आला आणि मोठ्या डॉक्टरांनी हात वर केले. "फुप्फुसातली कॅन्सरची गाठ काढली, तर श्वास पुरणार नाही."

सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाचाच स्कॅन पाहिला. "गाठीने तो भाग आधीच बंद पाडला होता. काढला असता, तरी श्वास तेवढाच राहिला असता."

"मग आता काढा ना!" वेल्डरची मुलगी म्हणाली.

"आता ती पसरलीय."

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसली. "माझ्या बाबांचा स्कॅन तुम्ही उघडून तरी पाहिला होता का?"

त्यांनी खुर्ची पुढे केली. "शांत व्हा. आधी एक मोठा श्वास घ्या."

"कुणाच्या वाटचा घेऊ?"