तक्रार नाही

"वर चढायलाच हवं का?" शिडी धरत मामाने विचारलं. "तीन वर्षं सुरळीत चाललंय. चालू दे की तसंच."

"बघितल्याशिवाय सही कशी करू, मामा?" भाचा म्हणाला आणि चढला.

ती सही त्याच्या जिवावर आली होती. गोदामाच्या मॅनेजरला कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीचा दाखला हवा होता. मागच्या अंगणावर नजर ठेवायला हा उष्णता टिपणारा कॅमेरा एकटा पुरेसा आहे, असा. दाखला मिळाला की पहारेकऱ्याची जागा रद्द. पहारेकरी म्हणजे मामा. जागेबरोबर गोदामामागची खोलीही जाणार. आईबाप गेल्यावर भाचा त्याच खोलीत लहानाचा मोठा झाला होता, आणि गुडघ्यांनी जेरीस आलेली मामी आता तिथून चार पावलंही कुठे जात नव्हती. कंपनीत आज दुसरा कोणी मोकळा नव्हता, म्हणून नेमकं यालाच धाडलेलं. दुसरं कोणी मिळालं नाही नशिबाला.

त्याने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आतलं रबर वाळून तडकलं होतं, ते बदललं. नव्या रबराशेजारी पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली.

"अजून तारखा घालतोस?" मामा खालून हसला. "शाळेत पेन्सिलीवरसुद्धा घालायचास."

"हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर घालतो. सवय आहे."

मग तो पहारेकऱ्याच्या खोपटात जाऊन पडद्यासमोर बसला आणि मामाला अंगणातून चालून यायला सांगितलं. मामा लंगडत भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. पडदा होता तसाच करडा राहिला. वायर ठीक, वीज ठीक, सेटिंग ठीक, आणि पडद्यावर मामाचा मागमूस नाही. टेबलावर नोंदवही होती. शेजारी भोंग्याचं हाताने दाबायचं बटण, लाल रंग झिजून पांढरं पडलेलं. ते बाजूला सारून त्याने कोपर टेकलं आणि विचार करत बसला.

मग पुन्हा शिडी चढला आणि या वेळी समोरून वाकून बघितलं. भिंगापुढच्या खाचेत एक काच बसवलेली होती.

साध्या कॅमेऱ्याला धूळपावसासाठी काच लावतातच. पण हा कॅमेरा उजेड बघत नाही, अंगाची ऊब बघतो, आणि ऊब काचेपलीकडून त्याला दिसत नाही. आपल्याला ती काच आरपार, कॅमेऱ्याला मात्र भिंत. कॅमेरा आंधळा करायचा तर याहून सोपी युक्ती नाही. आणि कॅमेऱ्याच्या पेटीची किल्ली एकट्या मामाच्या कमरेला असायची.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काच उपसून तो खाली उतरला.

"ही कुठून आली?"

मामाने काचेकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "असेल तिथलीच."

"किल्ली तुमच्याकडे असते."

मामाला तो जन्मात कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता. मामाच्या ते ध्यानात आलं. शिडीवरचा त्याचा हात खाली आला.

"कॅमेरा नापास झाला की नोकरी वाचली, असंच ना? मी तोंडघशी पडलो तरी चालेल."

मामा काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "साहेबांना या काचेचं काही सांगू नकोस. एवढं ऐक माझं."

"नाही सांगत. मला वाढवलंत, त्याची फेड समजा."

"बरं," मामा म्हणाला. "जपून धर. हात कापेल."

मामा पुन्हा एकदा अंगणातून चालला. या वेळी पडद्यावर लख्ख पांढरा माणूस लंगडत गेला आणि भोंगा आपोआप वाजला. मामा दचकून जागच्या जागी थांबला आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

मॅनेजरच्या टेबलावर जाड फाइल उघडी होती.

"तीन वर्षांत अकरा चोर," तो म्हणाला. "एकही सुटला नाही. तुमच्या मामांनी प्रत्येक वेळी लिहिलंय, कॅमेऱ्याने दाखवलं. तुमची कंपनी दर सहा महिन्यांनी विचारणा करते, त्या कागदावरही त्यांचाच शेरा, तक्रार नाही. तुम्ही हा बसवलात तेव्हा नवशिके होता. मी बजावलं होतं, आठवतं? एक तक्रार आली तर कंपनीला सांगून घरी बसवीन." तो हसला. "नाव काढलंत हो. आता असा कॅमेरा असताना पहारेकरी कशाला पोसायचा?"

भाच्याने दाखला पुढे ओढला. आज ही सही आपल्याच्याने होणार नाही अशी सकाळपासून त्याला धास्ती होती. पण रागापुढे ती धास्ती उरली नव्हती. त्याने झोकात सही ठोकली. महिनाअखेर खोली रिकामी करायची, असं मॅनेजरने लगेच टाइप करायला सांगितलं.

फाटकाशी मामा उभा होता. गळ्यातली शिट्टी काढून तिची दोरी बोटाला गुंडाळत होता. "मामीला भेटून जा," तो म्हणाला. "सकाळपासून वाट बघतेय."

"उशीर होतोय," भाचा म्हणाला आणि त्याच्याकडे न बघता पुढे गेला.

गाडीत बसून त्याने काच फडक्यात गुंडाळायला घेतली. जो काठ खाचेत रुतून बसलेला होता, त्यावर काहीतरी काळपट चिकटलं होतं. अंगठा ओला करून त्याने ते पुसलं. खालून पांढरी पट्टी निघाली. पट्टीवर त्याच्याच अक्षरात तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची, कॅमेरा बसवला त्या दिवसाची.