स्किमरचं तोंड

धीरजनं पत्र्यावर छातीएवढ्या उंचीला खडूनं चौकोन आखला आणि विटांच्या ढिगावर जाऊन बसला. एवढ्यानंच तो दमला. हल्ली दात घासूनही तो दमायचा.

"स्किमरचं तोंड इथं," तो म्हणाला. "बरोबर चौकोनातच कापजा, बाबा."

सदाशिवरावांनी खडूच्या खुणेवर बोट फिरवलं. "हे बसवलंच पाह्यजे का?"

"नाई तर कडुनिंबाचा सारा पाला पाण्यावर तरंगत राहीन. हे तोंड वरचं पाणी कचऱ्यासकट ओढून घेते. पाणी याच्या अर्ध्यापर्यंत भरायचं. त्याच्यावर भरलं तर मागच्या डब्यातून बाहेर सांडते."

"म्हंजे हे जिथं बसवलं, तिथंच पाणी थांबलं."

"हो."

अंगणात तो गोल पूल उभा होता. पत्र्याची चार फुटी भिंत, आत निळं प्लास्टिकचं अस्तर, अस्तर नीट बसावं म्हणून तळाला वीतभर पाणी. सेलूत उन्हाळ्यात कूलरमध्येसुद्धा लोक जपून पाणी ओततात, त्यामुळे सगळी गल्ली येऊन पूल पाहून गेली होती. काहींनी सदाशिवरावांना वेड्यातही काढलं होतं.

रविवारी मयुरी येणार होती. धीरजची बारा वर्षांची मुलगी. ती नागपूरला आईजवळ राहायची आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच बापाला भेटणार होती. फोनवर तिनं एवढंच विचारलं होतं, "तिथं मी दिवसभर करू काय?" त्यावर धीरजनं पूल मागवला. पूल आवडला तर ती आठवडाभर राहील. नाही आवडला तर दुसऱ्या दिवशी आईला फोन लावेल आणि पुढच्या सुट्टीत येण्याचं नावही काढणार नाही. कितीतरी महिन्यांनी धीरजला काहीतरी हवंसं वाटलं होतं, ते एवढंच.

दिवाळीत तो नागपूरच्या दवाखान्यात होता. गावात 'जेवणातून विषबाधा' असं सांगितलं होतं. तिथून सेलूला आला, तो इथलाच झाला. त्याची आई, वच्छलाबाई, त्याच्या गोळ्या कनवटीला लावून ठेवायच्या आणि रात्री एक काढून प्रसादासारखी त्याच्या तळहातावर ठेवायच्या. तो गिळेपर्यंत समोर बसायच्या. पोरगं विसराळू झालंय, म्हणायच्या.

सदाशिवरावांनी सेलूच्या बाजारात आयुष्यभर मोटारपंप दुरुस्त केले. त्यांचं माप चुकलं असं सांगणारा माणूस तालुक्यात भेटला नसता. दुकान बंद केल्यापासून मात्र त्यांचं रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी असं चाललं होतं. मागे परसातल्या विहिरीवर त्यांनी लोखंडी जाळी ठोकली, मांजर पडेल म्हणून. मांजर कोणाचं, ते कोणी विचारलं नाही. धीरजच्या खोलीची आतली कडी दुरुस्तीला काढली, ती परत बसलीच नाही. म्हातारपण, दुसरं काय. धीरज वाद घालत नसे. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

"दोन स्क्रू कमी हायेत," सदाशिवराव डबा चाचपत म्हणाले. "निकेशच्या दुकानातून घेऊन येजो."

"सकाळी तर पुरे होते."

"मंग मी खाल्ले का? जाय, ऊन वाढून राह्यलं."

तो गेला. निकेश जेवायला घरी गेला होता. धीरज त्याच्या ओट्यावर बसून राहिला. उठून परत जाण्यापेक्षा बसणं सोपं होतं. निकेश आला, पुडी बांधून दिली, आणि धीरज उन्हातून पाय ओढत घरी आला.

फाटकातच तो थबकला.

खडूचा चौकोन जसाच्या तसा होता. खाली, पार गुडघ्याशी, स्किमरचं तोंड बसलं होतं. आतबाहेर रबर लावलेलं, पट्टी घट्ट, सगळे स्क्रू आपापल्या जागी.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

सदाशिवराव हत्यारं पुसत होते. "चुकलं गड्या. मोतीबिंदू हाये, दिसत नाई."

"एवढी मोठी खूण दिसली नाई? बुजवा ते. वर कापू."

"अस्तर कापल्या गेलं ना. आता ते शिवता येते का?"

धीरज भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडूच आलं. कितीतरी दिवसांत आलं नव्हतं. "गुडघाभर पाणी! पाच मिनिटं नाई थांबणार ती. एक गोष्ट मागतली होती मी तुमच्यापाशी. एक!"

वच्छलाबाई ओसरीवर आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

डोळे पुसताना धीरजची नजर कापलेल्या पत्र्यावर गेली. कड सरळ होती, सुरीनं खरवस कापावा तशी. मोतीबिंदूच्या हातून अशी कड निघत नाही. त्यानं मूठ उघडून स्क्रूची पुडी पाहिली, मग बापाकडे पाहिलं.

"तुम्ही मुद्दाम केलं."

सदाशिवराव फडक्यानं पान्हा पुसत राहिले.

"काऊन, बाबा? पदक भेटलं तिले पोहण्यात. मासोळीवानी पोहते ते. बुडते का ते चार फुटात? एवढं काऊन भेता तिच्यासाठी?"

म्हाताऱ्यानं हातातला फडका खाली ठेवला. बसायला जागा शोधत तो पोराशेजारी खाली टेकला.

"तिची फिकर नाई मले, बेटा," तो म्हणाला. "आठ दिवसांनं ते चालली जाईन. पाणी इथंच राहीन. आन् तू बी."