शुक्रवारची हाक

"पोरीला आयशीजवल टाकून नको जाव, विनी. तिला ऐकाला येत न्हाय," शेजारच्या रंगूबाईंनी जिन्यात अडवून सांगितलं होतं. विनिता नुसती हसली होती. निजामपुऱ्यात ऐकू येतं कुणाला? खाली कापड विणणारे लूम, बाजूला लूम, मागे लूम. इथे माणसं भांडतात तीही दोनदा. पहिल्या वेळचं ऐकूच जात नाही.

एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर संपत आलं होतं. जर्नलवर सह्या राहिलेल्या, प्रोजेक्ट बांधायला टाकलेला, सोमवारी तोंडी परीक्षा. रोज सकाळी तान्ह्या उन्नतीला माहेरी आईच्या हवाली करायचं आणि कॉलेज गाठायचं. मधल्या वेळात जीव राहायचा नाही, मग फोन. आई, पार्वती, तो कधीच उचलायची नाही. लूमच्या खडखडाटात रिंग कळत नसणार, असं विनिताने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आईशी तिचं बोलणं मुळात आवाजाचं नव्हतंच. लहानपणी पार्वती विनिताच्या वडिलांच्या, केसरीनाथांच्या, कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची आणि विनिता दाराशी बसून पाढे म्हणायची. सात चोक चुकलं की आई लांबून, नुसते ओठ बघून, मान हलवायची. भूक लागली म्हणजे पोटावर हात. बाबा आले म्हणजे हवेतल्या मिशीला पीळ. "मायलेकी नाटक कंपनी काढा आता," केसरीनाथ चिडून म्हणायचे. किती सुखाचे दिवस होते! घरभर तो खडखडाट, आणि त्यात दोघींचं एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहणं. लग्न झालं, लेक झाली, तरी विनिता आईशी बोलायची ती समोर बसूनच.

त्या शुक्रवारी आठवड्याची सुट्टी म्हणून लूम बंद होते. गल्ली इतकी शांत, की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी कोपऱ्यापर्यंत येत होती. प्रोजेक्ट जमा करून विनिता लवकर परतली आणि जिन्यातूनच ओरडली, "आई, झालं गं जमा!"

पार्वती दाराकडे पाठ करून मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. विनिताने पुन्हा हाक मारली. दाराची कडी आपटली. पाठ तशीच.

विनिताने पिशवी तिथेच टाकली. इतके दिवस ती प्रयोगशाळेत उभी, आणि इथे पोर रडून रडून... ती पाळण्याकडे धावणार, तोच उन्नतीने झोपेत पाय झाडला. पार्वतीचा डावा हात ओढला गेला. ती झटकन वळली.

तिच्या मनगटाला सूत बांधलेलं होतं. दुसरं टोक पाळण्याला. सुताखालची कातडी लाल होऊन सोलली होती.

"कधीपासून, आई?"

पार्वतीने लेकीच्या ओठांकडे पाहिलं. "तुझी परीक्सा होऊं दे, मग सांगणार होते. आधी बोलले असते त कालेज सोडून बसली असतीस." मग हसली. "रंगीनं सांगितलं ना? तिला बरं दुसऱ्याच्या घरातलं सगलं ऐकाला येतं!"

विनिताने तिथूनच नवऱ्याला, प्रितेशला फोन लावला. "सोमवारची ड्युटी बदलून घे. आईजवळ थांब. परीक्षा मी देणार आहे."

तोवर उन्नती जागी झाली होती. तोंड वासून रडत होती. पार्वतीने तिला उचललं, खांद्यावर न घेता समोर धरलं आणि तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"हिचा आवाज कसा हाय गो?" तिने विचारलं. "तू बारीक होतीस तवा मांजरीवानी रडायचीस."

तुमची आई आत्ता ओट्याशी उभी असेल. समोर जाऊ नका. मागून, हळूच, एकदा हाक मारून बघा.