लाल झेंडा

कोळशाची खाण संपली आणि पिपरडोह हॉल्ट हे छोटं रेल्वे स्टेशन बंद पडलं. तिथले निवृत्त हॉल्ट एजंट उद्धवराव आता त्याचा इतिहास लिहीत होते. पहिलंच वाक्य झोकात होतं: ‘तीस वर्षं मजुरांची गाडी माझा लाल झेंडा बघून थांबली.’

भेटायला आलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला, नथ्थूजींना, त्यांनी ते ऐटीत वाचून दाखवलं.

“कोळशाच्या धुळीत झेंडा कोणाले दिसे, भाऊ?” नथ्थूजी हसले. “कुंपणावर वयनीचं लाल लुगडं दिसलं, का ब्रेक मारो.”

उद्धवराव खजील झाले. गाडी एकदाच न थांबता गेली होती, तेव्हा त्यांनी नथ्थूजींवर चार पानी तक्रार ठोकली होती. त्याच्या आदल्याच दिवशी बायको भांडून माहेरी गेली होती.

त्यांनी ‘माझा लाल झेंडा’ खोडून ‘बायकोचं लाल लुगडं’ लिहिलं आणि आत हाक मारली, “अगं, स्टेशनमास्तर तूच होतीस! बस, चहा मी टाकतो.”