मधली

चिंचपोकळीच्या लेझर कटिंगच्या दुकानात अपूर्वाने कॉम्प्युटरवर काका-काकींच्या दोन छायाकृती जवळ सरकवल्या आणि प्लायवूडमधून अखंड निघाव्यात म्हणून जोडल्या.

जोडताच दोघांच्या मध्ये त्यांचे हात धरून एक लहान मुलगी उभी राहिली.

अपूर्वाने आकार सुटे केले, तर मुलगी नव्हती. पुन्हा जोडले, तर ती वाढून काकींच्या कमरेपर्यंत आलेली.

“काकी, फाइलमध्ये काहीतरी गडबड आहे.”

शेजारी बसलेल्या बकुळाकाकी स्क्रीनजवळ सरकल्या. “पोटातच गेली गं माझी. नावही ठेवलं नव्हतं.” टेबलावर त्यांची मूठ घट्ट आवळली होती. “अजून एकदा जोड ना.”

अपूर्वाने जोडलं. आता खांद्यापर्यंत उंच झालेल्या मुलीने आईचा हात सोडला होता.

आणि कुणीतरी आपली बोटं सोडवून घ्यावीत, तशी काकींची मूठ हळूहळू उघडत गेली.