दुकानातला दुखवटा

फोनवरची बटणं काढून काच बसवणारा द्रष्टा उद्योगपती वारल्याची बातमी आली आणि फोन दुरुस्त करणाऱ्याने भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. डबा घेऊन आलेल्या बायकोने कपाळाला हात लावला. "तो तुमचा कोण लागत होता?" "अन्नदाता," नवरा डोळे पुसत म्हणाला. "त्याने काच इतकी नाजूक केली नसती, तर इथे कुत्रंही फिरकलं नसतं. तूसुद्धा नाही. महिन्याभरात तीनदा काच फुटली तुझी, तेव्हा कुठे लग्नाचं विचारायचा धीर झाला." बायको जरा घुटमळली. "पहिल्यांदा फुटली होती. पुढच्या दोन्ही वेळा मी फोडली. तिसऱ्यांदा तर मेली फुटेचना, हातोडी घ्यावी लागली." "म्हणजे बिचाऱ्याने काच दणकटच केली होती," म्हणत नवऱ्याने रुमालात तोंड लपवलं, पण खांदे हसण्याने हलत होते.