सृष्टीला पाडल्यानंतर

पहिला हाफ

रग्बीच्या गेल्या हंगामात कोळवणच्या धम्मदीपाने नांद्याच्या सृष्टीला कमरेला मिठी घालून पाडलं. टॅकल नियमातला होता, पंचांनी पेनल्टीही दिली नाही. पण पडताना सृष्टीच्या पाठीतून आलेला ‘कट्’ असा आवाज धम्मदीपाच्या कानातून जाईना. समोरून कुणीही चेंडू घेऊन पळत आलं, की तिचे हात आपोआप आखडायचे.

"राज्याची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आलीय," तिचे प्रशिक्षक सर म्हणाले. "आधी सृष्टीला एकदा डोळ्यांनी बघून ये, नाहीतर घरीच बस."

धम्मदीपाने सृष्टीला फोन करून भेटीचा दिवस ठरवला.

मध्यांतर

नांद्याला सृष्टी घराच्या दारातच उभी होती. "काय गं धम्मे, भूत बघितल्यासारखी काय बघतीस? लई टणक हाय मी!" तिने हसत हसत चहा आणून दिला, निघताना फाटकापर्यंत सोडायलाही आली. "चाचणीत हात आखडलास ना, तर माझ्याशी गाठ हाय."

दुसरा हाफ

चाचणीत धम्मदीपाने सात जणींना पाडलं. कानात काहीच वाजलं नाही. यादीत नाव लागलं, तशी ती थेट नांद्याला गेली. सृष्टीच्या आईने दार उघडलं.

"काकू, सृष्टी कुठंय?"

&nbsp;

&nbsp;

"पोरी, डॉक्टरांनी तिला उठून बसायचीबी मनाई केली हुती, तुझा फोन आल्यापासनं ओठ दाबून चालायला शिकली, आन् तू गेलीस तवापासनं तिचं पाय हलत न्हाईत."